सरकारनेही येजितखत लिहून द्यावे!

जिल्हाधिकारी कार्यालयाच्या आवारात न्यायालयाचा बेलिफ येतो. सोबत दरखास्तदार शेतकरी, त्याचे वकील आणि हमाल. हातात जप्तीचे वॉरंट. खुर्च्या, टेबले, संगणक, कधी साहेबांची गाडी, जे हाती लागेल त्याची यादी होऊ लागते. मग धावपळ, दूरध्वनी, सरकारी वकिलांची विनवणी, आणि अखेर 'महिनाभरात रक्कम भरतो' असे लेखी आश्वासन. खुर्च्या जागच्या जागी राहतात, शेतकरी रित्या हाताने गावी परततो. महाराष्ट्राच्या कोणत्याही जिल्ह्यातील वृत्तपत्रवाचकाला हे दृश्य नवे नाही. जळगाव आणि धुळे या खानदेशच्या दोन जिल्ह्यांत तर धरणे, कालवे आणि महामार्ग यांसाठी जमिनी गेलेल्या कुटुंबांना ते चांगलेच परिचयाचे आहे.

वृत्तपत्रे अशा बातम्या गमतीने छापतात. 'साहेबांची खुर्ची जप्त' हा मथळा वाचून वाचकही हसतो. परंतु या हशामागे दडलेला प्रश्न मुळीच हसण्याजोगा नाही. न्यायालयाने अंतिम निकाल दिला, हुकूमनामा झाला, अपिलाची मुदतही सरली. तरीही ज्याने कायद्याचे राज्य चालवायचे तेच सरकार तो निकाल मानीत नाही आणि स्वतःच्याच न्यायालयाच्या बेलिफाला दारात उभे करते, याला काय म्हणावे?

पराभव मान्य करण्याची रीत

धुळ्याला इतिहासाचार्य वि. का. राजवाडे यांच्या नावाचे संशोधन मंडळ आहे. राजवाड्यांनी पायपीट करून गावोगावचे कागद जमवले. त्या कागदांत लढाया आणि तहनामे आहेत, तसेच वतनाच्या, शिवेच्या, पाटीलकीच्या तंट्यांचे महजर आणि निवाडपत्रेही आहेत. मराठेशाहीतील न्यायाची एक रीत आज मुद्दाम आठवावी अशी आहे. गोतसभेने निवाडा केला की, जिंकणारा सरकारात 'हरकी' भरी आणि हरणारा 'गुन्हेगारी'. एवढ्यावर काम संपत नसे. हरलेल्या पक्षाकडून 'येजितखत' लिहून घेतले जाई. आपला दावा खोटा ठरला, पुन्हा या विषयात कथळा करणार नाही, अशी ती लेखी कबुली असे.

येजितखत नसेल तर निवाडा अपुरा, हा त्या काळच्या समाजाचा विवेक होता. तंटा अनंतकाळ चालला तर गाव मोडते, भाऊबंदकी पिढ्यान् पिढ्या पेटत राहते, हे अक्षरशत्रू म्हणून हिणवल्या गेलेल्या त्या गावकऱ्यांना नेमके कळत होते. आजच्या दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम ११ मध्ये हेच तत्त्व आहे. ज्या वादाचा त्याच पक्षकारांमध्ये अंतिम निर्णय झाला, तो वाद पुन्हा न्यायालयात उभा करता येत नाही. इंग्रजांनी १९०८ मध्ये ही संहिता केली म्हणून तत्त्व परके ठरत नाही. ते या मातीत आधीपासूनच रुजलेले होते.

निकाल अंतिम असावा, हे जितके खरे, तितकेच दुसरेही खरे आहे. ज्याला बोलावणेच पोचले नाही, ज्याच्यामागे कपटाने निकाल मिळवला गेला, त्याला 'आता सारे संपले' असे सांगणे हा न्याय नव्हे. म्हणूनच अंतिम निकालाच्या भिंतीत कायद्याने मोजकी दारे ठेवली आहेत. ती दारे कोणासाठी आहेत, आणि प्रत्यक्षात त्यांतून ये-जा कोण करतो, हाच या लेखाचा विषय आहे.

भिंतीतील तीन दारे

पहिले दार एकतर्फी हुकूमनाम्याचे. प्रतिवादीवर समन्स रीतसर बजावले गेले नसेल, किंवा पुरेशा कारणामुळे तो तारखेला येऊ शकला नसेल, तर संहितेच्या आदेश ९, नियम १३ अन्वये तो हुकूमनामा रद्द करण्याचा अर्ज करता येतो. मुदत अवघी ३० दिवसांची. समन्स बजावलेच नसेल तर हे ३० दिवस हुकूमनामा कळल्यापासून मोजले जातात.

दुसरे दार पुनर्विलोकनाचे. आदेश ४७, नियम १ अन्वये प्रयत्न करूनही पूर्वी हाती न आलेला महत्त्वाचा पुरावा नंतर मिळाला, किंवा निकालपत्राच्या तोंडावरच दिसणारी चूक असली, किंवा तशाच तोडीचे कारण असले, तर त्याच न्यायालयाला फेरविचाराची विनंती करता येते. येथेही मुदत ३० दिवसांचीच. 'निकाल पटला नाही' हे पुनर्विलोकनाचे कारण होत नाही. पुढे दुसऱ्या एखाद्या खटल्यात कायद्याचा अर्थ बदलला, हेही कारण होत नाही. १९७६ च्या दुरुस्तीने हे स्पष्टच लिहून ठेवले आहे. सर्वोच्च न्यायालयात पुनर्विलोकनही फेटाळले गेले, तर २००२ च्या रूपा हुर्रा खटल्यापासून 'उपचारात्मक याचिका' नावाची एक अतिशय अरुंद फट आहे. ती अपवादानेच उघडते.

तिसरे दार कपटाचे. सर्वोच्च न्यायालयाने १९९३ मध्ये चेंगलवराय नायडू खटल्यात सांगितले की, न्यायालयापासून महत्त्वाचा दस्त लपवून मिळवलेला हुकूमनामा हा मुळातच शून्य होय. तो कोणत्याही न्यायालयात, कोणत्याही टप्प्यावर नाकारता येतो. त्या खटल्यात वादीने स्वतःच लिहून दिलेले सोडपत्र दडवून ठेवले होते.

कागदावर ही व्यवस्था निर्दोष दिसते. आता ती साक्री, शिरपूर किंवा चाळीसगाव तालुक्यातील एखाद्या घराच्या उंबरठ्यावर ठेवून पाहावी. दिवाळी झाली की ऊसतोडीला गाडी निघते. घरातला कर्ता, त्याची बायको, पोरे सारे पाच-सहा महिने दूरच्या फडावर. दुसऱ्या कोणाचा भाऊ सुरतच्या यंत्रमागावर, लिंबायत नाही तर उधन्याच्या खोलीत. या काळात समन्स येते. दाराला कुलूप. बेलिफ दारावर प्रत चिकटवतो; किंवा पुढे एखाद्या वृत्तपत्राच्या आतल्या पानावर बारीक अक्षरांत जाहीर समन्स छापले जाते. कायद्याच्या दृष्टीने बजावणी पूर्ण झाली. चिकटवलेला कागद वाऱ्याने उडाला, ही कायद्याची चिंता नव्हे. होळीला माणूस गावी येतो, तेव्हा वाटणीचा किंवा कराराच्या पूर्ततेचा दावा एकतर्फी निकाली निघालेला असतो. तलाठ्याकडे सातबारा काढायला जाईपर्यंत त्याला त्याचा पत्ताही नसतो.

मग त्याची पायपीट सुरू होते. हुकूमनामा कधी कळला, हे त्याने सिद्ध करायचे. विलंब झाला तर एकेका दिवसाचा हिशेब द्यायचा. जिल्हा न्यायालयात अपयश आले तर अजिंठ्याचा किंवा कन्नडचा घाट चढून संभाजीनगरच्या खंडपीठापर्यंत जायचे. तेथील कामकाज इंग्रजीत. अहिराणीत विचार करणाऱ्या त्या माणसाला आपल्याच जमिनीविषयी काय बोलले गेले, हे वकिलाने सांगितले तरच कळणार.

एकतर्फी हुकूमनाम्याचे हे दुखणे जुनेच आहे. १८७५ च्या मे महिन्यात पुणे जिल्ह्यातील सुपे येथे शेतकऱ्यांनी सावकारांचे कागद जाळले आणि दख्खनचा दंगा पेटला. चौकशी झाली तेव्हा एक गोष्ट ठळकपणे पुढे आली. न्यायालयात सावकार एकटाच येत असे, कुणबी येतच नसे, आणि हुकूमनामे एकतर्फी होत. १८७९ मध्ये परकीय सरकारलाही दख्खन शेतकरी साहाय्य कायदा करावा लागला. प्रारंभी तो पुणे, सातारा, सोलापूर आणि नगर या ४ जिल्ह्यांसाठी होता, पुढे त्याची व्याप्ती वाढली. न्यायाधीशाने केवळ खतावर विसंबू नये, मागचा व्यवहार तपासावा, शेतकऱ्याला विचारावे, असे त्यात सांगितले होते. स्वराज्यात मात्र फडावर गेलेल्या ऊसतोड मजुराच्या कुलपाला चिकटवलेला कागद पुरेसा मानला जातो.

सरकार नावाचा पक्षकार

शेतकऱ्याला ३० दिवस आणि एकेका दिवसाचा जाब, सरकारला काय? संहितेनेच सरकारला वेगळे पान वाढले आहे. सरकारवर दावा लावायचा तर कलम ८० अन्वये आधी २ महिन्यांची नोटीस. सरकारविरुद्ध हुकूमनामा झाला तर कलम ८२ अन्वये ३ महिने अंमलबजावणी नाही. सामान्य माणूस अपिलात स्थगिती मागायला गेला तर त्याच्याकडून तारण मागितले जाते. सरकारकडून असे तारण मागायचे नाही, असे आदेश २७, नियम ८-अ सांगतो. सरकार पळून जाणार नाही, हा त्यामागचा युक्तिवाद. सरकार पळून जात नाही हे खरे. ते फक्त जागचे हलत नाही.

आणि विलंब? फाइल या टेबलावरून त्या टेबलावर गेली, विधी विभागाचे मत यायचे होते, साहेबांची बदली झाली, ही कारणे देऊन वर्षानुवर्षांचा विलंब माफ करून घेण्याची सवय सरकारी खात्यांना जडली. सर्वोच्च न्यायालयाने २०१२ मध्ये पोस्टमास्टर जनरल विरुद्ध लिव्हिंग मीडिया या खटल्यात ४२७ दिवसांचा विलंब माफ करण्यास नकार देऊन बजावले की, मुदतीचा कायदा सरकारलाही बांधतो. खात्यांनी त्यातून काय घेतले? २०२० मध्ये मध्य प्रदेश सरकार ६६३ दिवस उशिरा आले आणि २५ हजार रुपयांच्या खर्चासह परत गेले. १२ सप्टेंबर २०२५ रोजी शिवम्मा खटल्यात तर ३ हजार ९६६ दिवसांचा विलंब समोर होता. कर्नाटक गृहनिर्माण मंडळाचा हा विलंब, म्हणजे जवळजवळ ११ वर्षे, उच्च न्यायालयाने माफ केला होता. सर्वोच्च न्यायालयाने ती माफी रद्द केली. ऊसतोड मजुराला ३१ वा दिवस जड जातो, आणि मंडळाला ११ वर्षे कमी पडतात!

हतनूर, अक्कलपाडा, सुलवाडे, पाडळसे ही नावे खानदेशात विकासाची नावे आहेत. तापीचे पाणी अडावे, पांझरेचे पाणी शेताला मिळावे, यासाठी शेतकऱ्यांनी जमिनी दिल्या. विकासाला या समाजाने कधी विरोध केला नाही. परंतु जमीन घेताना सरकारने ठरवलेला दर अपुरा होता, असे जेव्हा न्यायालय सांगते आणि वाढीव मोबदला ठरवते, तेव्हा तो देणे ही कृपा नव्हे, ऋण आहे. १८९४ च्या भूसंपादन कायद्याने वाढीव रकमेवर पहिल्या वर्षी ९ टक्के आणि त्यानंतर १५ टक्के व्याज ठरवले होते. २०१३ च्या कायद्यातही हेच दर आहेत. म्हणजे एखाद्या अधिकाऱ्याने फाइल दाबून ठेवली, तर करदात्याच्या खिशातून वर्षाला १५ टक्के जातात. त्या अधिकाऱ्याच्या वेतनातून एक पैसाही कापला जात नाही. ही उधळपट्टी कोणाच्या लेखापरीक्षणात दिसते?

महामार्गाचे उदाहरण याहून बोलके आहे. धुळे आणि जळगाव जिल्ह्यांतून सुरत-नागपूर महामार्ग जातो, धुळ्यातूनच मुंबई-आग्रा मार्गही जातो. राष्ट्रीय महामार्ग कायद्याखाली जमीन गेली तर भूसंपादन कायद्याप्रमाणे मिळणारी दिलासा रक्कम आणि व्याज मिळत नसे. सर्वोच्च न्यायालयाने १९ सप्टेंबर २०१९ रोजी तरसेम सिंग खटल्यात हा भेदभाव घटनाबाह्य ठरवला. निकाल अंतिम झाला. त्यानंतर महामार्ग प्राधिकरण अर्ज घेऊन आले की, हा निकाल मागील काळाला लावू नका, पुढीलच प्रकरणांना लावा. सुमारे १०० कोटींचा भार पडेल. ४ फेब्रुवारी २०२५ रोजी न्यायालयाने तो अर्ज फेटाळला. एकाच महामार्गासाठी एकाच प्रकारची जमीन देणाऱ्या दोन शेतकऱ्यांत केवळ तारखेवरून भेद करता येणार नाही, हे उघड होते. तरीही प्राधिकरणाने पुनर्विलोकनाचा मार्ग धरलाच. येथे पक्षाभिनिवेश सोडून बोलले पाहिजे. दिल्लीत आणि मुंबईत सत्ता कोणाचीही असो, सरकार नावाचा पक्षकार तसाच राहतो. आपल्या विचारांचे लोक सत्तेवर आहेत म्हणून या वृत्तीकडे डोळेझाक करणे ही निष्ठा नव्हे, तो आळस आहे.

निकाल नको तर कायदाच बदला

अंतिम निकालातून सुटका करून घेण्याची एक राजमान्य वाट स्वातंत्र्यानंतर रूढ झाली. निकाल अंगावर आला की कायदाच बदलायचा. १९३६ च्या डिसेंबरात याच जळगाव जिल्ह्यातील फैजपूरला काँग्रेसचे खेड्यातील पहिले अधिवेशन भरले. तेथे शेतकऱ्यांच्या कर्जमुक्तीचा आणि सारा कमी करण्याचा कार्यक्रम मांडला गेला. त्याच पक्षाच्या पंतप्रधानांची निवडणूक १२ जून १९७५ रोजी अलाहाबाद उच्च न्यायालयाने रद्द ठरवली, तेव्हा काय झाले? अपील हा मार्ग मोकळा होता; तो वापरलाही गेला. परंतु तेवढ्यावर विश्वास नव्हता. २५ जूनला आणीबाणी आली, विरोधक आणि हजारो स्वयंसेवक तुरुंगात गेले, आणि १० ऑगस्टला ३९ वी घटनादुरुस्ती अमलात आली. अपिलाची सुनावणी ११ ऑगस्टला होती! पंतप्रधानांची निवडणूक न्यायालयाच्या कक्षेबाहेर नेणारे ते कलम सर्वोच्च न्यायालयाने ७ नोव्हेंबर १९७५ रोजी घटनाबाह्य ठरवले. निवडणूक मात्र तगली, कारण निवडणूक कायदाच पूर्वलक्षी प्रभावाने बदलून ठेवला होता. आयुर्विमा महामंडळाच्या कर्मचाऱ्यांच्या बोनसचा अंतिम निकालही १९७६ मध्ये कायदा करून पुसण्याचा प्रयत्न झाला. १९७८ मध्ये मदनमोहन पाठक खटल्यात तो कायदा रद्द झाला.

शाहबानो प्रकरण तर सर्वांना ठाऊक आहे. एका वृद्ध घटस्फोटितेला महिना १७९ रुपये २० पैसे पोटगी. २३ एप्रिल १९८५ रोजी सरन्यायाधीश यशवंतराव चंद्रचूड यांच्या अध्यक्षतेखालील ५ न्यायमूर्तींच्या पीठाने ती कायम केली. १९८६ मध्ये संसदेत प्रचंड बहुमत असलेल्या सरकारने कायदा करून त्या निकालाचा पायाच काढून घेतला. मतपेढीपुढे एका म्हातारीची पोटगी हलकी ठरली. मुस्लिम भगिनींना सर्वसाधारण कायद्याखाली पोटगी मागता येते, हे निःसंदिग्ध शब्दांत पुन्हा ऐकण्यासाठी १० जुलै २०२४ उजाडावा लागला. ३९ वर्षे! त्या वेळी ज्यांनी टाळ्या वाजवल्या, तेच पुरोगामी आज न्यायसंस्थेच्या सन्मानावर व्याख्याने देतात.

अयोध्येचा धडा

हा आरसा इतरांसमोर धरताना स्वतःकडेही पाहावे लागते. अयोध्येचा वाद हा शेवटी दिवाणी दावाच होता. १९५०, १९५९, १९६१ आणि १९८९ अशा वर्षांत दाखल झालेले दावे, २०१० चा उच्च न्यायालयाचा निकाल आणि ९ नोव्हेंबर २०१९ चा ५ न्यायमूर्तींचा एकमुखी निर्णय. पुनर्विलोकनाच्या याचिका आल्या, त्या १२ डिसेंबर २०१९ रोजी फेटाळल्या गेल्या आणि वाद संपला. त्या निकालपत्रात रामजन्मभूमीची जागा मंदिरासाठी देण्याचा आदेश आहे. मशिदीसाठी ५ एकर जागा देण्याचाही आहे, आणि १९९२ ची घटना कायद्याचे उल्लंघन असल्याची नोंदही त्यातच आहे. निकाल मानायचा तर सबंध मानायचा असतो. सोयीची पाने ठेवून उरलेली फाडता येत नाहीत. दोन्ही समाजांनी तो शांतपणे स्वीकारला. या देशातील सामान्य माणसाला येजितखताची परंपरा अजून कळते, याचा यापेक्षा मोठा पुरावा कोणता?

काय झाले पाहिजे

अंतिम निकालांचे आज काय होते, याचे उत्तर सर्वोच्च न्यायालयानेच मिळवले आहे. मार्च २०२५ मध्ये पेरियम्मल खटल्यात त्याने सर्व उच्च न्यायालयांकडून प्रलंबित दरखास्तींची माहिती मागवली आणि ६ महिन्यांत त्या निकाली काढण्यास सांगितले. ऑक्टोबरमध्ये आकडे आले. देशभरात ८ लाख ८२ हजारांहून अधिक दरखास्ती पडून होत्या. त्यांत महाराष्ट्राचा वाटा सर्वांत मोठा, सुमारे ३ लाख ४१ हजार. निकाल लागला आहे, पण हाती काही नाही, अशा या लाखो फाइली आहेत. हिंदुस्थानात पक्षकाराची खरी अडचण हुकूमनामा मिळाल्यावर सुरू होते, असे लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलने १८७२ मध्ये म्हटले होते. दीडशे वर्षांत न्यायाधीशांचे झगे बदलले, अडचण तीच राहिली.

उपाय अवघड नाहीत. एकतर्फी दाव्यात बजावणीचे छायाचित्र, ग्रामपंचायतीच्या फलकावर नोंद आणि प्रतिवादीच्या भ्रमणध्वनीवर मराठीत सूचना बंधनकारक करावी. हंगामी स्थलांतर करणाऱ्याच्या बाबतीत ३० दिवस तो गावी परतल्यापासून मोजावेत. सरकारविरुद्धचा मोबदल्याचा निकाल अंतिम झाला की ३ महिन्यांत रक्कम न्यायालयात जमा व्हावी. त्यानंतरचे व्याज दिरंगाई करणाऱ्या अधिकाऱ्याकडून वसूल करावे. उशिरा केलेले सरकारी अपील फेटाळले गेले, तर त्याचा खर्चही करदात्यावर टाकू नये. आणि कोणत्याही खात्याला अपील करावयाचे नसेल, तर त्याने तसे मुदतीतच लेखी कळवावे. तेच सरकारचे येजितखत.

सरकारवर सारे सोपवून समाज मोकळा होत नाही. ज्या गावात शाखा लागते, ज्या पाड्यावर कल्याण आश्रमाचे काम चालते, तेथे चिकटवलेले समन्स वाचून दाखवणारा एक तरी माणूस असला पाहिजे. फडावर गेलेल्या शेजाऱ्याच्या दारावर कागद दिसला तर त्याचे छायाचित्र त्याला पाठवणे, '३० दिवस' हे दोन शब्द त्याच्या कानावर घालणे, तालुक्याच्या विधी सेवा समितीपर्यंत त्याला पोचवणे, यासाठी मोठा निधी लागत नाही. जुन्या कायद्याखाली शेजाऱ्याला न्यायालयातून वाढीव मोबदला मिळाला, तर त्याच अधिसूचनेतील इतरांना कलम २८-अ अन्वये ३ महिन्यांत अर्ज करता येत असे, हे माहीत नसल्यामुळे किती कुटुंबे कायमची वंचित राहिली! पुढच्या पिढीला तरी कायद्याची मुदत वेळेत कळावी. सेवेचे हे काम दिसायला लहान आहे. जमीन वाचवणारे आहे.

रामशास्त्र्यांचे नाव महाराष्ट्र आजही आदराने घेतो, ते पेशव्याच्या घरच्यालाही निवाड्यातून सूट न दिल्यामुळे. बेलिफाला दारातून परत पाठवणाऱ्या सरकारने हे नाव उच्चारण्यापूर्वी थोडे थांबावे. निकाल विरुद्ध गेला, तो अंतिम झाला. आता कागद घ्यावा, आणि येजितखत लिहून द्यावे.